परदेशातील जन्माची भारतीय दूतावासात नोंद

भारतीय नागरिकाचे मूल भारताबाहेर जन्मल्यास त्याचा जन्म त्या देशातील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नोंदवून मुलाचे भारतीय नागरिकत्व पक्के करण्याची कायदेशीर प्रक्रिया. परदेशातली मराठी मंडळी तिला ‘एम्बसीत नोंद करणे’ एवढेच म्हणतात. त्यामुळे ती महापालिकेच्या जन्मनोंदीसारखीच असावी असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. पुण्यात भारतीय आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा दाखला काढायचा राहून गेला, तरी मूल भारतीयच असते. दाखला हा केवळ पुरावा. शारजात जन्मलेल्या मुलाचे तसे नाही. ३ डिसेंबर २००४ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार परदेशात जन्मलेले मूल, आई-वडील दोघेही भारतीय असले तरी, नोंद होईपर्यंत भारताचे नागरिक ठरत नाही.

हे पूर्वी असे नव्हते. राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदाने परदेशस्थ भारतीयांना तिथल्या भारतीय प्रतिनिधीकडे नोंद करून नागरिक होण्याची वाट दिली होती, पण ती घटना लागू होतानाच्या पिढीसाठी. पुढच्या मुलाबाळांचा प्रश्न १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमाने सोडवला. त्यानुसार वडील भारतीय असले की मूल भारतीय. आईचा त्यात हिशेबच नव्हता. १९८५ साली लंडनमध्ये एखाद्या मराठी बाईला ब्रिटिश नवऱ्यापासून मूल झाले असते, तर आईचा पासपोर्ट भारतीय असूनही जन्माने ते मूल भारतीय झाले नसते. ही विषमता जायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. त्या दिवसापासून आई किंवा वडील, कोणीही एक भारतीय असले तरी चालू लागले. तेव्हाही नोंदीची सक्ती मुख्यतः दुसऱ्या पिढीला होती, म्हणजे ज्यांचे पालक स्वतःच परदेशात जन्मून वंशाने भारतीय झाले होते त्यांना. २००३ च्या दुरुस्तीने ती ३ डिसेंबर २००४ पासून सर्वांना लागू केली.

या बदलाचा अर्थ किती खोल आहे, हे लंडनच्या उच्च न्यायालयात २०१७ साली आलेल्या एका प्रकरणात दिसले. ब्रिटनमध्ये १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. पालकांपैकी एकजण नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला लागतो. तिथे जन्मलेल्या एका मुलीचे पालक भारतीय होते, पण तिची नोंद भारतीय उच्चायुक्तालयात झालेली नव्हती. न्यायालयाने भारतीय कायदा वाचून निष्कर्ष काढला, की ही मुलगी भारतीय नाही, ब्रिटिशही नाही. म्हणजे ती राज्यविहीन आहे आणि त्या नात्याने ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. आपल्याकडे ज्या कागदाला ‘फॉर्मॅलिटी’ म्हणतात, त्याच्या अभावी मूल कोणत्याच देशाचे उरले नाही. पुढे २०२२ च्या कायद्याने ब्रिटनने ही वाट बरीच अरुंद केली : पालकांचे नागरिकत्व मुलाला सहज मिळवता येण्याजोगे असेल, तर ते न मिळवता राज्यविहीन म्हणून दावा करता येत नाही.

नोंदीसाठी मुदत जन्मापासून एक वर्षाची. ती उलटली तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि कागद दिल्लीच्या गृहमंत्रालयापर्यंत जातात. अर्ज नागरिकत्व नियम, २००९ मधल्या पहिल्या नमुन्यात, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा. छापील प्रतीवर पालकांच्या सह्या करून सोबत स्थानिक जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, तिथल्या वास्तव्याचा परवाना आणि विवाहाचा दाखला जोडायचा. घोडे बहुतेकदा या शेवटच्या कागदावर अडते. मंगल कार्यालयात थाटामाटात लग्न लागलेले असते, अल्बम असतो, पण नोंदणी राहिलेली असते. शिवाय आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचे आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही, अशी त्रिस्थळी यात्रा झाली की प्रतिज्ञापत्रांना पर्याय नाही.

अर्जातले सर्वांत वजनदार वाक्य मात्र वेगळेच आहे. मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. त्याशिवाय कायद्याने नोंद होऊच शकत नाही. या एका वाक्यामुळे तोच अर्ज दुबईत एक आणि न्यू जर्सीत अगदी दुसरी गोष्ट होऊन बसतो.

आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. तिथे मराठी कुटुंबापुढे निवडीचा प्रश्नच नसतो, असते ती घाई. भारतीय पासपोर्टशिवाय बाळाचा निवासी व्हिसा नाही, आणि संयुक्त अरब अमिरातीत तो १२० दिवसांत काढला नाही तर दंड सुरू होतो. म्हणून कायद्यातली एक वर्षाची मुदत तिथे कागदावरच राहते. खरी मुदत चार महिन्यांचीच. दाखला अरबीत निघतो आणि अरबी लिपीत ‘प’, ‘च’, ‘ळ’ यांना मूळचे अक्षर नाही. ‘पाटील’ अरबीत ‘बाटील’ होतो. तिथून तो पुन्हा इंग्रजीत येताना टंकलेखकाने पालकांचा पासपोर्ट समोर ठेवला नसेल, तर बाळाचे आडनाव बापाच्या आडनावाशी जुळत नाही. दाखला हातात पडताच तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर वाचून घेणे हाच त्यावरचा उपाय.

अमेरिकेत चित्र उलटे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे तिथे जन्मलेले मूल अमेरिकन ठरत आले आहे, आणि अमेरिकन नागरिकाने देशात येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरायचा असतो. एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचे बहुतेक पालक म्हणून आधी मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात. तो काढला की भारतीय नोंदीचे दार बंद. मग मुलासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांसाठीचे कार्ड, घेतले जाते. ते आयुष्यभराचा व्हिसा देते, पण मतदानाचा हक्क देत नाही आणि शेतजमीनही घेऊ देत नाही. या व्यवस्थेला पर्याय आहे, याचा विचारही अनेक घरांत होत नसे. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला, न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी अडवली, आणि भारताच्या नागरिकत्व कायद्याचे आजवर फारसे कोणी न उघडलेले चौथे कलम एकदम चर्चेत आले.

मूल जन्मतः दुसऱ्याही देशाचे नागरिक असेल, पण त्याचा पासपोर्ट घेतलेला नसेल, तर भारतीय नोंद होऊ शकते. अशा मुलाला सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत परके नागरिकत्व सोडावे लागते; नाही सोडले, तर भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. एरवी दुहेरी नागरिकत्वाला ठाम नकार देणाऱ्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत केलेला हा काणाडोळा म्हणायचा.

नावाचा घोळ सगळीकडे सारखाच. आपल्याकडे बाळाचे नाव बाराव्या दिवशी बारशाला ठेवायचे. अमेरिकेतल्या रुग्णालयात आई-बाळ दोन दिवसांत घरी जातात आणि जन्मनोंदीचा फॉर्म बहुधा त्याआधीच पुढे येतो. फोनवर आजी अजून नावरस अक्षर पाहत असते. इंग्लंडमध्ये नोंदीला ४२ दिवस असतात. जर्मनीत जन्म आठवड्याभरात कळवायचा असला तरी नाव महिन्याभरात दिले तरी चालते, त्यामुळे तिथे बारसे निवांत होते. नंतर बदल करणे जिकिरीचे, कारण दूतावास स्थानिक दाखल्यावरचे नाव प्रमाण मानतो. भारतीय पासपोर्टात वडिलांच्या नावासाठी मधला रकाना नाही : एक आडनावाचा, एक दिलेल्या नावाचा. दाखल्यावर वडिलांचे नाव मधे लिहिले असेल, तर ते मुलीच्या नावाला जोडून छापले जाते. विमानाच्या तिकिटावर दोन्ही एकत्र होऊन ‘सईराहुल’ असा एकच शब्द उमटतो आणि बालवाडीतल्या बाईंना तेच तिचे नाव वाटते. म्हणून हल्ली पुष्कळ मराठी आईबाप परदेशात जन्मलेल्या मुलांच्या नावातून वडिलांचे नाव गाळूनच टाकतात.

नोंद झाली की दूतावास जन्मदाखला देतो आणि त्यावर पासपोर्ट निघतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा. त्यासाठीचा फोटो हा तान्ह्या बाळाच्या घरातला एक छोटा उत्सवच असतो. पांढऱ्या चादरीवर बाळ निजवायचे, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, आणि मान सावरणारा आईचा हात दिसता कामा नये. दुपटे पांढरे असले तर बाळ पार्श्वभूमीत विरघळते. सहीच्या जागी शाईत बुडवलेला अंगठा, जो पहिल्या खेपेला हमखास फरकाटतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या विसाव्या कलमात आणखी एक सोय आहे. दूतावासात नोंद न करताच पालक कायमचे राहायला भारतात परतले, तर मूल आल्यापासून ६० दिवसांत स्थानिक निबंधकाकडे, जणू ते इथेच जन्मले असावे तशी, नोंद करता येते. ही सोय अनेकांना फसवते. ती जन्माची नोंद आहे; नागरिकत्वाचा निकाल १९५५ च्या कायद्यानेच लागतो. तिथे वर्ष चुकले असेल, तर परवानगीसाठी अर्ज करणे किंवा त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी मागणे हे मार्ग उरतात. विमानात किंवा जहाजावर जन्मलेल्यांसाठी नियम वेगळा : ते जिथे नोंदलेले, तिथे जन्म झाला असे मानायचे. भारतात नोंदलेल्या विमानात अटलांटिकवर जन्मलेले बाळ कायद्याच्या नजरेत भारतातच जन्मले, त्याला दूतावासाची पायरी चढायला नको.

गोव्यात हीच प्रक्रिया उलट्या दिशेने चालते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेले गोवेकर आणि त्यांची मुले-नातवंडे आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. त्या पासपोर्टवर हजारो कुटुंबे युरोपात गेली. केवळ लिस्बनला जन्म नोंदवला म्हणून भारतीय नागरिकत्व जाते का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झडले आणि आमदारकीलाही त्यावरून आव्हान दिले गेले. लिस्बनच्या नोंदीसाठी जुन्या हस्तलिखित नोंदवहीतील मूळ नोंदीची नक्कल काढावी लागते. तीत कामत ‘कामोतीं’ झालेले असतात आणि प्रभू ‘पोरोबो’. आजच्या पासपोर्टवरचा माणूस आणि त्या वहीतला माणूस एकच, हे मग शपथेवर सांगावे लागते.