‘क्यू’नंतर ‘यू’ आणि मार्कोव्हची साखळी

वर्डल, म्हणजे पाच अक्षरांचा गुप्त इंग्रजी शब्द अंदाजाने ओळखायचा खेळ, खेळणाऱ्या अनेकांच्या डोक्यात एक समज पक्का बसला आहे: पहिला शब्द ‘अडिऊ’ टाकायचा. ए-डी-आय-ई-यू. पाचांपैकी चार स्वर एका फटक्यात तपासून होतात. ऐकायला बिनतोड वाटतं, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे एक स्वतंत्र प्रश्न, असं आपण धरून चालतो. तसं नसतं, आणि का नसतं हे समजून घेणं मला गणितातल्या सर्वांत आनंदाच्या गोष्टींपैकी एक वाटतं.

इंग्रजीच्या २६ अक्षरांतून पाच अक्षरांच्या १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या तयार होतात. मूळ वर्डल त्यांतल्या जेमतेम १३ हजार जुळण्या शब्द म्हणून स्वीकारत असे, म्हणजे हजारात साधारण एक. बाकीच्यांपैकी बहुतेक जुळण्या शेजारच्या अक्षरांचं पटत नाही म्हणूनच बाद होतात. ‘टी’ला लागून ‘एल’ घेऊन अस्सल इंग्रजी शब्द सुरू होत नाही, जसा आपल्याकडे ‘ळ’ने होत नाही.

याचं सर्वांत टोकाचं उदाहरण म्हणजे क्यू-यू ही जोडी. क्वीन, क्विक, क्वाएट, ईक्वल, स्क्वॉड हे सगळे इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द, आणि प्रत्येकात क्यूच्या पाठोपाठ यू. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द ‘सी-डब्ल्यू’ने लिहीत असत, १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ‘क्यू-यू’ रूढ केलं. अपवादही आहेत, आणि ते आपल्या ओळखीचे आहेत: फकीर, तलाक, निकाब. इंग्रजी शब्दकोशांत हे पाच अक्षरी शब्द क्यू वापरून, पण यूशिवाय सापडतात, कारण तिथला क्यू अरबी ‘काफ’ या अक्षराच्या जागी आलेला आहे. हे मोजके पाहुणे सोडले, तर क्यू दिसल्यावर पुढचा यू वाचकाला नवीन काहीच सांगत नाही. तो आधीच ठरलेला असतो.

‘आधीच ठरलेलं’ हे किती प्रमाणात, ते मोजायचं कसं? पहिली मोजणी केली रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी, आणि तीही एका वादातून. पावेल नेक्रासोव्ह या मॉस्कोच्या गणितज्ञाचं म्हणणं होतं की घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या सरासऱ्या स्थिर राहतात. समाजातली आकडेवारी वर्षानुवर्षं स्थिर दिसते, म्हणून माणसाची इच्छा स्वतंत्र आहे, असा धार्मिक निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. मार्कोव्ह यांना ही भेसळ सहन झाली नाही. परस्परांवर अवलंबून असलेल्या घटनांच्या सरासऱ्याही स्थिर राहू शकतात, हे त्यांनी १९०६ मध्ये सिद्ध केलं. मग १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यातली पहिली २०,००० अक्षरं हाताने मोजली.

त्यांत स्वर निघाले ८,६३८, म्हणजे ४३.२ टक्के. अक्षरं स्वतंत्र असती, तर आधी काहीही आलेलं असो, पुढे स्वर येण्याची शक्यता ४३.२ टक्केच राहिली असती. प्रत्यक्षात स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता निघाली १२.८ टक्के आणि व्यंजनानंतर ६६.३ टक्के. एकाच भाषेत, एकाच कवितेत, फक्त मागचं एक अक्षर माहीत असल्याने शक्यता पाच पटींनी बदलते! पुढचं काय येणार हे मागच्यावर अवलंबून असतं, अशा मालिकेला आज मार्कोव्ह साखळी म्हणतात.

पुढची पायरी अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांची. हो-नाही असं एक उत्तर, ज्याच्या दोन्ही बाजू सारख्याच शक्य आहेत, ते म्हणजे एक बिट माहिती. २६ अक्षरं सारख्याच वेळा येत असती, तर प्रत्येक अक्षरात ४.७ बिट माहिती असती (२चा ४.७वा घात म्हणजे साधारण २६). पण ‘ई’ वारंवार येतो आणि ‘झेड’ क्वचित, हे धरलं की आकडा ४.१४ वर येतो. मागचं एक अक्षर माहीत असेल, म्हणजे जोड्यांचा हिशेब धरला, तर ३.५६. प्रत्येक जोडीसाठी तिची शक्यता घ्यायची, तिला दुसऱ्या अक्षराच्या सशर्त शक्यतेच्या (पहिलं माहीत असताना दुसरं येण्याच्या शक्यतेच्या) लॉगॅरिदमने (२चा कितवा घात म्हणजे ती शक्यता, त्या आकड्याने) गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह उलटायचं, की हा आकडा मिळतो. क्यू-यूचा या बेरजेत वाटा जवळजवळ शून्य, कारण सशर्त शक्यता १ असली की लॉगॅरिदम शून्य होतो. वर्डलचे १३ हजार शब्द घेतले तर अख्ख्या शब्दात सुमारे १३.७ बिट असतात. अक्षरं मोकाट असती तर २३.५ लागले असते.

आता ‘अडिऊ’कडे पाहा. ई किंवा ए विचारणं योग्यच आहे. मूळ वर्डलच्या साधारण ४६ टक्के उत्तरांत ई होता. पण शब्दात स्वर बहुधा लागतोच, आणि फार स्वर मावत नाहीत. त्यामुळे पहिल्या दोन-तीन स्वरांची उत्तरं कळली की चौथ्याचं उत्तर बरंचसं त्यातच आलेलं असतं. त्या जागी आर, टी, एल, एस यांपैकी एखादं नेहमीचं व्यंजन विचारलं असतं, तर जास्त कळलं असतं. म्हणून ‘स्लेट’, ‘क्रेन’सारखे शब्द संगणकाच्या हिशेबात ‘अडिऊ’च्या पुढे जातात.

अक्षरांच्या नावाखाली आपल्याकडे जे अंकशास्त्र चालतं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. नावात एक ‘ए’ वाढवल्याने नशीब बदलतं असं सांगणारा माणूस अक्षरांना मनमानी आकडे देतो आणि कधीही तपासता येणार नाही असं भाकीत करतो. मार्कोव्ह यांचे आकडे मात्र तेच काव्य आणि वही घेऊन कोणीही पुन्हा मोजू शकतो.

शॅनन यांनी १९५१ मध्ये माणसांवरही प्रयोग केला. एक अनोळखी मजकूर झाकून ठेवायचा आणि पुढचं अक्षर ओळखायला लावायचं. चुकलं तर खरं अक्षर सांगायचं आणि पुढे जायचं. त्यांच्या एका नमुन्यात १२९ अक्षरांपैकी (मोकळ्या जागा धरून) ८९ पहिल्याच फटक्यात बरोबर आली. हा प्रयोग मराठीत घरी करता येतो. वर्तमानपत्रातलं एक वाक्य घ्या आणि पोस्टकार्डाने झाका. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं प्रत्येक व्यंजन वेगळं मोजायचं हे आधी ठरवा, आणि शब्दाच्या सुरुवातीला किती चुका होतात व शेवटी किती, ते वेगवेगळं लिहून ठेवा.