न संपणारी आज्ञा आणि एआय एजंट

वॉशिंग मशीनमध्ये किंवा विजेच्या डिजिटल मीटरमध्ये बसवलेल्या चिपला पडदा नसतो, कळफलक नसतो, आणि आतला प्रोग्रॅम मध्येच अडकला तर तसे सांगण्याची कोणतीही सोय बहुधा नसते. अशा चिपच्या पोटात डोकावण्यासाठी तिच्या काही पिना राखून ठेवलेल्या असतात. या सोयीचे मूळ जेटॅग या प्रमाणकात आहे. १९९० साली आयईईई ११४९.१ या क्रमांकाने ते प्रसिद्ध झाले तेव्हा सर्किट बोर्डावरचे सांधे नीट जोडले गेले आहेत की नाहीत, एवढे तपासणे हा त्याचा हेतू होता. पुढे त्याच वाटेने प्रोसेसर थांबवणे, त्याची रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या नोंद-जागा) वाचणे आणि नवे फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, भरणे हीही कामे होऊ लागली. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांमध्ये तर एसडब्ल्यूडी पद्धतीने हे सारे दोन तारांवर भागते, एक घड्याळाची आणि एक माहितीची. सोबत ग्राउंड जोडला की झाले.

या तारा आणि संगणक यांच्यामध्ये डिबग प्रोब नावाची छोटी डबी असते, आणि त्या डबीशी बोलणारा प्रोग्रॅम म्हणजे डिबग सर्व्हर. त्यांपैकी बहुपरिचित असलेला ओपनओसीडी हा डॉमिनिक राथ यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे २००५ साली केलेल्या पदविका-प्रबंधातून जन्माला आला. तो सुरू केला की ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याच्या दारावर) जीडीबी या डिबगरची, म्हणजे दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅमची, आणि ४४४४ वर माणसाने टाइप केलेल्या आज्ञांची वाट पाहत बसतो. जीडीबीला सगळी रजिस्टरे हवी असली की तो फक्त ‘$g#६७’ एवढीच अक्षरे पाठवतो: डॉलरचे चिन्ह ही सुरुवात, ‘g’ ही मागणी, आणि शेवटचे ६७ हा पडताळा, म्हणजे ‘g’ या अक्षराचाच षोडशमान (हेक्साडेसिमल) संकेतांक. सर्व्हर त्या अक्षरांचे रूपांतर तारांवरच्या स्पंदांमध्ये करतो. थोडक्यात, सर्व्हर हा दुभाष्या आहे, आणि दुभाष्याने बैठक संपेपर्यंत उठून जायचे नसते.

एआय एजंटची, म्हणजे स्वतः आज्ञा देत काम पार पाडणाऱ्या भाषा-प्रारूपाची (लँग्वेज मॉडेलची), अडचण नेमकी इथूनच सुरू होते. हे प्रारूप स्वतः मजकुराखेरीज काहीच निर्माण करत नाही. ते ‘अमुक आज्ञा चालवा’ असे लिहिते, ‘टूल’ म्हणून जोडलेला प्रोग्रॅम ती आज्ञा चालवतो आणि जे उत्तर येईल ते प्रारूपाला वाचायला देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मांडलेला एमसीपी हा अशी टूल जोडण्याचा एक खुला करार आहे. या सगळ्या रचनेत आज्ञा कधीतरी संपेल हे गृहीत धरलेले असते. फायलींची यादी मागितली, यादी आली, काम संपले. डिबग सर्व्हर मात्र यशस्वी झाला की संपतच नाही. तो लगेच संपला तरच काहीतरी बिघडले असे समजावे. साध्या टूलमधून त्याला सुरू केले की एजंट उत्तराची वाट पाहतो, ठरलेली मुदत उलटते, टूल ती आज्ञा मारून टाकते आणि तिच्यासोबत उत्तम चाललेला सर्व्हरही जातो. मग एजंट आत्मविश्वासाने कळवतो की सर्व्हर सुरू होऊ शकला नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. सर्व्हर पार्श्वभूमीत सोडायचा, त्याचे बोलणे लॉग फायलीत वळवायचे, त्याचा प्रोसेस क्रमांक टिपून ठेवायचा, आणि ३३३३ पोर्टवर जीडीबीची वाट पाहत असल्याची ओळ लॉगमध्ये दिसेपर्यंत पुढची आज्ञा द्यायची नाही. काम झाले की त्याच क्रमांकाची प्रोसेस बंद करायची. ही शेवटची पायरी लोक विसरतात. मी स्वतः एकदा अर्धा तास केबल बदलत बसलो होतो, आणि प्रोब अडवून बसला होता माझाच आदल्या दिवशीचा, बंद करायचा राहिलेला सर्व्हर.

हे जमले की एजंट खरोखर उपयोगी पडतो. समजा, प्रोग्रॅम हार्ड फॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरला पुढे जाता येत नाही अशा गंभीर दोषात, जाऊन अडकला आहे. एजंट प्रोसेसर थांबवतो, दोषाची नोंद ठेवणारे रजिस्टर वाचतो आणि त्याला षोडशमानात ८२०० हा आकडा मिळतो. त्यातले नवव्या क्रमांकाचे बिट सांगते की माहिती वाचता-लिहिताना बसवर (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गावर) नेमकी चूक झाली, आणि पंधराव्याचा अर्थ असा की कोणत्या पत्त्यावर झाली तो पत्ता शेजारच्या रजिस्टरमध्ये ग्राह्य आहे. माणूस यासाठी मॅन्युअल चाळतो. एजंट काही क्षणांत पत्ता काढून त्या वेळी चाललेल्या ओळीपर्यंत पोहोचू शकतो.

पण तारेच्या दुसऱ्या टोकाला खरी वस्तू आहे. मोटार फिरत असताना प्रोसेसर थांबवला, तर वेगळी सोय केलेली नसल्यास मोटारीला स्पंद देणारा टायमर चालूच राहतो, आणि विजेच्या प्रवाहावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम मात्र गोठलेला असतो. एसटीएम३२ एफ४ या चिपांच्या मालिकेत प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीच्या किमान १०,००० पुनर्लेखनांची हमी असते. माणसाच्या हाताला ही संख्या मोठी आहे, न थकता ‘बदल करून पाहतो’ म्हणणाऱ्या एजंटला तितकीशी नाही. याच मालिकेत वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी एकदा लावली की डिबगचे दार कायमचे बंद होते, कोणत्याही प्रोबने ते पुन्हा उघडत नाही.

म्हणून एजंटच्या हाती ४४४४ पोर्ट मोकळे सोडू नये, तिथे पासवर्डही विचारला जात नाही. माझ्या मांडणीत सर्व्हर सुरू करणे, त्याची स्थिती पाहणे, मेमरी वाचणे आणि सर्व्हर बंद करणे या चार गोष्टी एजंट न विचारता करतो. फ्लॅश लिहिण्यापूर्वी आणि प्रोसेसर थांबवण्यापूर्वी तो माझी परवानगी घेतो, आणि संरक्षणाची बिटे बदलणारे टूल मी त्याला दिलेलेच नाही.