थंडी आणि हृदयाचा स्नायू: एक उलटं गणित

निफाडचा पारा उतरला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांची आणि दुसरी 'थंडीमुळे हृदयविकाराचे झटके वाढले' ही. दुसरी बातमी खोटी नाही, पण ती हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन येणाऱ्या झटक्यापुरतीच असते. ज्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत पण हृदयाचा स्नायूच आजारी आहे, त्यांच्याविषयी त्यात एक ओळही नसते. या आजाराला कार्डिओमायोपॅथी म्हणतात आणि तो आपल्यापासून दूरचा नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या पथकाने 2009 साली दाखवून दिलं की भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांच्या हृदयस्नायूचं प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी3 या जनुकातला डीएनएच्या 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. अशा लोकांना पुढच्या वयात हृदयस्नायू निकामी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणून हा विषय झटकून टाकणारे पुष्कळ भेटतात. 1997 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, युरोपातल्या थंडीचा आणि मृत्यूंचा संबंध तपासणारा युरोविंटर अभ्यास त्यांच्यासाठी सांगण्यासारखा आहे. तापमान 18 अंशांच्या खाली गेल्यावर दर एका अंशामागे मृत्यूंचं प्रमाण दक्षिण फिनलंडमध्ये 0.27 टक्क्यांनी वाढलं, तर उबदार अथेन्समध्ये 2.15 टक्क्यांनी! बाहेर 7 अंश असताना फिनलंडमधले 72 टक्के लोक टोपी घालून निघत होते, अथेन्समधले फक्त 13 टक्के. घरंही अथेन्सचीच जास्त गार होती. थंडीची सवय आणि तयारी नसलेला प्रदेश म्हणजे आपलाच.

मुळात थंडी बाधायला फार कडाका लागतच नाही. विल्यम कीटिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1984 साली स्वयंसेवकांना 24 अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवलं. शरीराच्या आतलं तापमान जेमतेम 0.4 अंशाने उतरलं, पण रक्ताचा घट्टपणा 21 टक्क्यांनी वाढला आणि रक्तदाब सरासरी 126/69 वरून 138/87 वर गेला. 24 अंश म्हणजे आपल्या ऑफिसातल्या एसीचं तापमान.

असं का होतं? कातडीला गारवा जाणवला की आतली ऊब टिकवण्यासाठी मज्जातंतू नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सोडतात आणि कातडीखालच्या बारीक धमन्या आवळल्या जातात. नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी घटली तर 1 भागिले 0.9 चा चौथा घात, म्हणजे त्या नळीतला विरोध दीडपटीहून जास्त! शिवाय हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालं, म्हणून मूत्रपिंड पाणी बाहेर टाकतात. थंडीत वारंवार लघवीला जावं लागतं ते यामुळे.

निरोगी हृदय हा वाढीव भार सहज पेलतं. आजारी स्नायूचं तसं नाही, आणि इथे दोन आजार वेगवेगळे धरावे लागतात.

पहिला पसरलेल्या हृदयाचा. यात डावं निलय, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा खालचा डावा कप्पा, ताणून मोठा आणि दुबळा झालेला असतो. निरोगी निलय प्रत्येक ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतं. यात ते प्रमाण 25 टक्क्यांवरही येतं. समोरचा विरोध वाढला की असं हृदय आणखी कमी रक्त ढकलतं, उरलेलं मागे फुप्फुसांत तुंबतं आणि रात्री आडवं झालं की धाप लागते. घरचे म्हणतात, "थंडी बाधली, दमा असेल." मग वाफारे सुरू होतात आणि दोन-चार दिवस हातचे जातात.

दुसरा आजार जाड झालेल्या हृदयाचा, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा. साधारण 500 माणसांत एकाला तो असतो. दोन निलयांमधला पडदा 15 मिलिमीटर किंवा त्याहून जाड होतो आणि रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद करतो. पंख्याच्या वाऱ्याने खिडकीचा पडदा गजांना जाऊन चिकटावा, तशी रक्ताच्या लोटात सापडलेली मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) त्या जाड भिंतीकडे सरकते आणि ऐन ठोक्यात वाट अडवते. अनेक रुग्णांमध्ये हा अडथळा कायमचा नसतो, क्षणोक्षणी बदलतो. निलय रक्ताने भरलेलं असेल आणि समोर विरोध असेल तर भिंत आणि झडप एकमेकांपासून लांब राहतात. निलय रिकामं झालं, विरोध घटला किंवा स्नायू जोरात आवळला की वाट बंद होते. म्हणून उकिडवं बसलं की या रुग्णांना बरं वाटतं आणि एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आता थंडीचं गणित मांडा. आवळलेल्या धमन्या विरोध वाढवतात, तेवढ्यापुरता अडथळा कमी होतो. पण तेच नॉरअॅड्रेनलिन स्नायूला जोरात आवळायला लावतं आणि लघवीवाटे पाणी गेल्याने निलय नीट भरत नाही. यात चढावर चालणं मिळवा, किंवा हिवाळ्यातल्या लग्नाचं भरपेट जेवण, कारण जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं. अशा वेळी छातीत दुखू शकतं. आणि खरा धोका बाहेरच्या गारठ्याइतकाच गारठ्यातून येऊन घेतलेल्या कढत अंघोळीत असतो. धमन्या एकदम सैलावतात, विरोध कोसळतो आणि माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. अंघोळीला पाणी कोमट घ्यावं आणि स्टुलावर बसून अंघोळ करावी, हे मी कळवळून सांगते.

हल्ली बर्फाच्या पाण्यात डुंबण्याचे व्हिडिओ 'हृदय मजबूत करा' म्हणून फिरतात, आणि पहाटे नदीच्या गार पाण्यात बुडी मारली की रक्त शुद्ध होतं असंही सांगितलं जातं. रक्त शुद्ध करण्याचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, नदी नव्हे. गार पाण्यात अंग बुडालं की हृदयाला वेग वाढवण्याचा आदेश मिळतो, चेहरा बुडाला की वेग कमी करण्याचा. हे दोन उलट आदेश एकाच क्षणी आले की निरोगी माणसाचेही ठोके चुकू शकतात. व्रण पडलेल्या स्नायूत ठोक्यांची हीच गडबड जीवघेणी ठरू शकते. ब्रँडीची ऊबही फसवी असते. तिने कातडीतल्या वाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते.

पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करावं, कान-डोकं झाकावं, फ्लूची लस घ्यावी. बीटा ब्लॉकरने, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या गोळीने, हात गार पडतात म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही रक्तवाहिन्या आवळतात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पसरलेलं हृदय असेल तर रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवावं. लघवी वाढवणारी गोळी अशा रुग्णाची धाप कमी करते. अडथळा असलेल्या जाड हृदयात मात्र तीच गोळी निलय आणखी रिकामं करून चक्कर आणू शकते. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना थेट विचारावं: "माझं हृदय पसरलंय की जाड झालंय, आणि वाटेत अडथळा आहे का?"