जनुक तपासणीसाठी जुनी ट्यूब आणू नका

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, झाल्याचं कळलं की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "हे आमच्याकडूनच आलं का? धाकटीलाही होईल का?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे जनुक तपासणीसाठी सोबत आणलेली ट्यूब मात्र पुष्कळदा चुकीची असते.

ती असते निदानाच्या वेळी काढलेल्या रक्ताची नाहीतर बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची. लेकराला पुन्हा सुई टोचायला नको, हे आम्हालाही कळतं. पण त्या नमुन्यात रोगाच्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. नवव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएन२ए हे जनुक पेशीच्या विभाजनाला लगाम घालतं, आणि ल्युकेमियाच्या पेशींतून तेच अनेकदा गळून गेलेलं असतं. ते जन्मतःच नव्हतं की रोगात गेलं, हे त्या ट्यूबवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून आम्ही ती परत करतो. पैसे घेऊन रिपोर्ट देणं सोपं होतं, पण तो कामाचा नसता.

"मग लाळ घ्या," असं सुचवलं जातं. पण लाळेतही पांढऱ्या पेशी असतात, म्हणजे अडचण तीच. रेमिशन आल्यावरचं, म्हणजे उपचारांनी रोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्यावरचं, रक्त चालतं. तेवढं थांबणं शक्य नसेल तर त्वचेचा छोटा तुकडा घेतात, पण त्यातल्या पेशी वाढवायला काही आठवडे जातात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर फॉर्मवर आधी लिहा. नाहीतर नाव तुमच्या मुलाचं आणि डीएनए दात्याचा, असा रिपोर्ट हातात पडेल!

निरोगी भावंडाची "रिस्क टेस्ट" आम्ही सहसा करत नाही. २०१० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी याच सीडीकेएन२ए जनुकातल्या एका बदलाचा मुलांच्या ल्युकेमियाशी संबंध दाखवला, पण अशा एकेका बदलाने धोका किंचितच बदलतो. पाश्चात्त्य देशांत १५ वर्षांपर्यंत साधारण २,००० मुलांमागे एकाला हा आजार होतो. धोका दुप्पट धरला तरी दोघांना. शिवाय असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या मुलांवरचे आहेत.

घरात लहान वयात कॅन्सर झालेले अनेक जण असतील, किंवा रोगाच्या पेशींत गुणसूत्रं फारच कमी असल्याचं रिपोर्टमध्ये असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे टीपी५३ या कॅन्सरला आवर घालणाऱ्या जनुकाची तपासणी विचारात घ्यावीच लागते.

येताना डिस्चार्ज कार्ड, गुणसूत्रांचा रिपोर्ट आणि तीन पिढ्यांतल्या आजारांची यादी आणा. आत्याला, मामाला आधी फोन करून विचारून ठेवा. समुपदेशनाची फी पुढे तपासणी केल्यास बिलातून वजा होते.