विद्युत रोध व शक्ती : विभवांतर आणि विद्युतधारेवरून गणन

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधील विभवांतर (व्होल्टेज) आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा (करंट) मोजली, की त्याचा रोध (रेझिस्टन्स, म्हणजे धारेला होणारा विरोध) व त्यात खर्च होणारी शक्ती काढता येते. विभवांतराला धारेने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या हीटरचा रोध ४६ ओहम, शक्ती १,१५० वॅट. धारा मिलिअँपिअरमध्ये असेल तर आधी तिला हजाराने भागावे. बऱ्याच चुका इथेच होतात.

गुणाकारच का, याचे उत्तर एककांतच आहे. व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा, अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम. गुणले की कूलोम जातो आणि उरतो सेकंदाला एक ज्यूल, म्हणजेच वॅट.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी धारा व विभवांतर यांचा संबंध १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ओहमचा नियम म्हणजे नुसते भागाकाराचे सूत्र, असे अनेकदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. भागाकार कोणत्याही वस्तूसाठी करता येतो. तापमान कायम असताना विभवांतर बदलले तरी उत्तर तेच येते, हा नियमाचा खरा आशय. डायोड (धारा एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) तो पाळत नाही. तंतूच्या दिव्याचा तंतू तापत जातो, म्हणून त्याचाही रोध बदलतो : २३० व्होल्ट, ६० वॅटचा दिवा पेटलेला असताना रोध सुमारे ८८० ओहम भरतो, पण विझलेल्या, थंड दिव्याला मल्टिमीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिसतो. मीटर बिघडलेला नसतो.

रोधाचे सूत्र वापरून शक्ती आणखी दोन प्रकारे लिहिता येते : धारेचा वर्ग गुणिले रोध, किंवा विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पहिल्यात रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यात घटते. हा विरोध वरवरचा आहे. स्थिर काय आहे, एवढेच पाहायचे. एकसर (सिरीज, एकामागे एक) जोडणीत धारा सर्वत्र सारखी, म्हणून जास्त रोधाचा भाग जास्त तापतो. वरच्या हीटरच्या वायरीत ०.२ ओहमचा एक सैल जोड असेल, तर त्या एवढ्याशा जागी ५ वॅट उष्णता साचते. समांतर (पॅरलल) जोडणीत विभवांतर सारखे, तिथे कमी रोधाचे उपकरण जास्त शक्ती घेते. वर्गाचा आणखी एक परिणाम : रोध तोच धरला, तर विभवांतर १० टक्के उतरून २०७ व्होल्ट झाल्यावर हीटरची शक्ती १९ टक्क्यांनी घटून सुमारे ९३२ वॅट होते.

मापनात व्होल्टमीटर वस्तूला समांतर आणि अँमीटर एकसर जोडतात. रोध लहान असेल तर व्होल्टमीटर थेट वस्तूच्या टोकांना लावावा, नाहीतर अँमीटरचा व तारांचा रोधही हिशेबात शिरतो. रोध फार मोठा असेल तर उलट करावे, म्हणजे व्होल्टमीटर वस्तू व अँमीटर या दोघांच्या मिळून टोकांना लावावा, कारण मग व्होल्टमीटरमधून जाणारी धाराही नगण्य राहत नाही.

प्रत्यावर्ती (एसी) पुरवठ्यावर हीटरसारख्या निव्वळ रोधाला हीच सूत्रे चालतात, मात्र मूल्ये वर्गमाध्यमूळ (आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर पुरवठ्याइतकी) असावी लागतात. मोटर असेल तर भागाकारातून रोध मिळत नाही, संरोध (इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध) मिळतो; आणि गुणाकाराला शक्तिगुणकाने (पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या शक्तीचे प्रमाण) गुणावे लागते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या मोटरचा शक्तिगुणक ०.८ असेल, तर ती ९२० वॅटच घेते.