वरचे पाणी, खालचे पाणी आणि त्यांचे गाव

जानेवारीत गोव्यासमोरच्या खोल समुद्रात मोजमापाचे उपकरण सोडले, तर पृष्ठभागाला पाणी कमी खारट आणि 50 ते 100 मीटरांच्या आसपास जास्त खारट सापडते. वरचे पाणी बंगालच्या उपसागराकडून, श्रीलंकेला वळसा घालून किनाऱ्याने वर आलेले असते. खालचे आलेले असते अरबी समुद्राच्या उत्तर टोकाकडून. एकाच जागी, एकावर एक, दोन गावचे पाणी.

गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी आणि पाऊस यांमुळे उपसागराच्या उत्तर भागात क्षारता 33च्याही खाली जाते (35 क्षारता म्हणजे किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार). अरबी समुद्रात उलट: पाऊस थोडा, बाष्पीभवन फार. हिवाळ्यात जमिनीवरून येणारे कोरडे, थंड ईशान्य वारे उत्तरेकडचे पाणी आटवतात आणि गार करतात. क्षारता 36.5 आणि तापमान 25 अंश झाले, की घनमीटरभर पाणी सुमारे 1024.5 किलो भरते. 28 अंशांचे, 33 क्षारतेचे पाणी मात्र 1021 किलोच्या आसपास. साडेतीन किलोंचा फरक किरकोळ वाटेल, पण समुद्रात कोण कोणाच्या खाली जाणार हे ठरवायला तो भरपूर आहे. जड पाणी बुडते आणि आपल्या घनतेच्या थरातून दक्षिणेकडे सरकते. पर्शियन आखाताचे पाणी आणखी जड, म्हणून ते त्याच्याही खाली, साधारण 250-300 मीटरांवर मिळते.

पाण्याला ही ओळख पृष्ठभागावर, हवेच्या संपर्कात असतानाच मिळते. खाली गेल्यावर ऊन, पाऊस, वारा पोहोचत नाहीत. तापमान आणि क्षारता बदलते ती फक्त शेजाऱ्यात मिसळून. म्हणून आलेखात आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर तापमान मांडतात. एकजिनसी पाणी म्हणजे एक ठिपका. दोन प्रकारचे पाणी मिसळले की ठिपके त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात: 36.5 आणि 33.5 क्षारतेचे पाणी निम्मेनिम्मे मिसळले तर 35. रेषेला मध्येच बाक आला, तर तिसरे पाणी घुसले आहे असे समजावे. विरघळलेल्या ऑक्सिजनवर मात्र असा हिशेब चालत नाही. जिवाणू तो वाटेत खाऊन टाकतात.

जगभरच्या महासागरांत वरच्या पाचएकशे मीटरांतले बरेचसे पाणी याच रीतीने बनते. 1939 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ आयझलिन यांनी उत्तर अटलांटिकबाबत दाखवले, की एका जागी खोल जाताना तापमान-क्षारतेची जी रेषा मिळते, तीच हिवाळ्यात पृष्ठभागावरून उत्तरेकडे जातानाही मिळते. जणू हिवाळ्याचा पृष्ठभाग तिरका होऊन खाली घसरला आहे. हिवाळाच का? कारण तेव्हा मिसळलेला थर, म्हणजे घुसळून एकसारखा झालेला वरचा थर, सर्वांत जाड असतो. वसंतात वर उबदार झाकण बसते आणि खाली उरलेले पाणी कोंडले जाते. उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रातले सुमारे 18 अंशांचे, शेकडो मीटर जाड पाणी याचे गाजलेले उदाहरण; 1959 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वर्दिंग्टन यांनी त्याला तापमानावरूनच नाव दिले. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराच्या उत्तर कडेला हिवाळी थर काही ठिकाणी 400-500 मीटरांपर्यंत पोहोचतो, आणि तिथले पाणी हिंदी महासागराच्या दक्षिण भागाला पुरते.

फसगत होते ती मोजताना. क्षारता थेट मोजत नाहीत. विद्युतवाहकता आणि तापमान मोजून ती काढतात. तापमानात 0.01 अंशाची चूक म्हणजे क्षारतेत जवळपास 0.01ची चूक. उपकरण सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने उतरते. दोन संवेदकांचा प्रतिसाद मागेपुढे झाला, तर तापमान झपाट्याने घसरणाऱ्या थरात क्षारतेचे खोटे टोक उमटते आणि नवखा माणूस ते नवे पाणी समजतो. म्हणून आधी दोन्ही नोंदींची वेळ जुळवावी, मग बाटल्यांतून आणलेल्या नमुन्यांशी आकडे ताडावेत.

आर्गो तरंगकांना, म्हणजे समुद्रात सोडून दिलेल्या आपोआप मोजणाऱ्या उपकरणांना, बाटल्यांतल्या नमुन्यांची ही सोय नसते. ते 1000 मीटरांवर वाहत राहतात आणि दर 10 दिवसांनी 2000 मीटरांपासून वर येत मोजतात. संवेदकाचे मोजमाप हळूहळू चुकत गेले, तर त्यांच्या नोंदी खोल, जवळजवळ न बदलणाऱ्या पाण्याशी जुळवून दुरुस्त करतात. वरच्या पाण्याशी जुळवून भागत नाही, कारण तिथला फरक उपकरणाचा की समुद्राचा, हेच कळत नाही.