पार्श्वभूमी : बेली डान्सचे महोत्सव आणि कैरोचा २००३ चा निर्णय

बेली डान्सच्या कुठल्याही देशातल्या महोत्सवाचे वेळापत्रक पाहिले, तर साचा बहुतेक एकच असतो. दिवसभर दोन-तीन तासांच्या कार्यशाळा, एका रात्री पाहुण्या शिक्षकांचा मुख्य कार्यक्रम, एका रात्री स्पर्धा, एका संध्याकाळी विद्यार्थिनींसाठी खुला मंच. सभागृहाबाहेर पोशाख, बोटांत घालायच्या झांजा आणि कंबरेला बांधायचे नाणी लावलेले रुमाल विकायला मांडलेले. कैरोच्या नाइटक्लबात या नाचावर पोट भरणाऱ्या बायकांना असा साचा माहीत नव्हता. तो शिकणाऱ्यांच्या सोयीने घडला आणि पुढे कैरोतच परत आला. तिथून, परदेशी नर्तिकांनी कैरोत पैसे घेऊन नाचावे का, असा जो वाद उभा राहिला, तो मिटलेला नाही.

१८३४ ची कैरोतून झालेली नर्तिकांची हद्दपारी आणि हा नाच अमेरिकेला दाखवणारा १८९३ चा शिकागोचा जागतिक मेळा या गोष्टी परिचित आहेत. त्यांच्यापेक्षा इथे महत्त्वाचे आहे ते हे, की शिकण्यासाठी वेगळी जागा कधी नव्हतीच. कैरोतल्या मोहम्मद अली रस्त्यावरच्या वादक-नर्तिकांच्या वस्तीत मुलगी आई-मावशीबरोबर लग्नाच्या वरातीत जायची आणि बघत बघत तयार व्हायची. १९२६ मध्ये शाम प्रांतातून (आजच्या सीरिया-लेबनॉन भागातून) आलेल्या एका नर्तिकेने कैरोत स्वतःचे नाट्यगृह-कॅफे उघडले. तिथे मोठा रंगमंच होता, त्यामुळे हात खुलले, गिरक्या आल्या, नाचणारी मंचभर फिरू लागली. तरी नाच उत्स्फूर्तच राहिला. वाद्यवृंद समोर बसलेला, आणि तबलजी नर्तिकेच्या कंबरेवर नजर ठेवून वाजवणारा. (इजिप्तचा तबला म्हणजे मांडीवर आडवा धरायचा एकतोंडी दरबुका.)

पाठ्यक्रम आला तो वेगळ्याच वाटेने. १९५९ मध्ये जिम्नॅस्टिक्सची तालीम घेतलेल्या एका तरुणाने कैरोत लोकनृत्याचे पथक काढले आणि दोन वर्षांत सरकारने ते आपल्या पंखाखाली घेतले. नाइटक्लबचा डाग लागू नये, सुशिक्षित घरांतल्या मुलींना मंचावर येता यावे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून तिथे नाच बसवला जाई, मात्रा मोजून, रांगा आखून, महिनोन्‌महिने तालीम करून. या पथकातून बाहेर पडलेले नर्तक-नर्तिका पुढे जगभर कार्यशाळा घेऊ लागले आणि शिकवण्याची हीच रीत त्यांनी सोबत नेली. आज विद्यार्थिनी ज्याला ‘इजिप्शियन शैली’ म्हणून शिकते, त्यातला बराच भाग या सरकारी तालीमखोलीतून आलेला आहे. हे पुरेसे सांगितले जात नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकात या नाचाचे वर्ग धडाक्याने सुरू झाले. शिकणाऱ्या बहुतेकींना व्यवसाय करायचा नव्हता. नोकरी-संसार सांभाळून आठवड्यातून एकदा यायचे आणि वर्षातून एकदा आपल्या माणसांपुढे नाचायचे, एवढेच हवे होते. त्यातून विद्यार्थिनींचा ‘हफला’ रूढ झाला. अरबी घरांत हफला म्हणजे गाण्या-जेवणाची मैफल. वर्गांमध्ये तो वार्षिक कार्यक्रम झाला. पंधराजणींना एकदम मंचावर आणायचे, तर बसवलेला नाच आणि ध्वनिमुद्रित गाणे यांना पर्याय नव्हता. तीन-चार मिनिटांचे तुकडे, एकसारखे पोशाख, रांगेतली जागा पाठ. या मंचाला कमी लेखणे अन्यायाचे आहे. पहिल्यांदा मंचावर येणाऱ्या बाईला चुकायची मुभा देणारी जागा नाइटक्लबात कधीच नव्हती. मात्र वादकाकडे पाहत नाचण्याची सवय याच मंचामुळे सुटली, हेही खरे.

दरम्यान कैरोतले चित्र बदलत होते. १९९० च्या दशकात आखातातल्या पाहुण्यांची गर्दी ओसरली, धार्मिक दडपण वाढले, पंचतारांकित हॉटेलांतले कार्यक्रम कमी होत गेले. घरच्या मुली या व्यवसायाकडे येईनात आणि बाहेरून शिकायला येणाऱ्यांची संख्या वाढत राहिली. २००० मध्ये त्याच लोकनृत्य पथकात घडलेल्या एका शिक्षिकेने कैरोत आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. जपान, रशिया, युरोप, अमेरिकेतून विद्यार्थिनी येऊ लागल्या. ज्यांचा नाच त्यांनी चित्रफितींवर पाहिला होता, त्या तारका सकाळी समोर उभ्या राहून शिकवू लागल्या. शिंपी, वादक, हॉटेलवाले, सगळ्यांनाच काम मिळाले.

या पार्श्वभूमीवर २००३ मध्ये इजिप्त सरकारने परदेशी नर्तिकांना कामाचे परवाने द्यायचे नाहीत, असे ठरवले. कारण सांगितले गेले रोजगाराचे : जे काम इजिप्शियन बाई करू शकते, ते परदेशी बाईला का द्यावे? महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे २००५ ची डान्सबार बंदी आठवेल. तिथे नैतिकता पुढे होती आणि पोटाचा प्रश्न मागाहून आला; कैरोत पोटाचा प्रश्नच पुढे केला गेला.

तो प्रश्न खोटा नव्हता. रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या तरुणी कमी पैशांत नाचायला तयार होत्या, हॉटेलांना त्या सोयीच्या वाटत होत्या, आणि वय वाढत चाललेल्या स्थानिक नर्तिकांची रात्र हातची जात होती. त्यांनी तक्रार करू नये असे म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हणणाऱ्यांचे पोट या नाचावर नसते. वर्गात फी भरणारी विद्यार्थिनी आणि मंचावर पैसे घेणारी स्पर्धक या दोन वेगळ्या बायका आहेत असे महोत्सवांनी गृहीत धरले होते. काही वर्षांत त्याच बायका दुसऱ्या दाराने आत आल्या.

विरोधी बाजूही भक्कम होती. परदेशी नर्तिका एकटी काम करत नाही. तिच्यामागे इजिप्शियन वादकांचा ताफा असतो, पोशाख स्थानिक शिंपी शिवतो. ती थांबली की या सगळ्यांची रात्रही थांबते. शिवाय बंदी कामाच्या परवान्यांवर होती, शिकण्यावर नव्हती. म्हणजे कार्यशाळेची फी, विमान, हॉटेल, पोशाख यांवर खर्च करायला परदेशी बाईचे स्वागत होते. शिकलेले मोबदला घेऊन दाखवायचे म्हटले की दार बंद. निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले गेले, पर्यटनाच्या नुकसानीची ओरड झाली आणि २००४ मध्ये बंदी मागे घेतली गेली.

या निर्णयाची सर्वांत मोठी उणीव मात्र चर्चेत जवळजवळ आलीच नाही. ज्यांच्या नावाने तो घेतला, त्या इजिप्शियन मुलींसाठी शिकण्याची एकही प्रतिष्ठित जागा त्याने उघडली नाही. महोत्सवाचे दर परकीय चलनात कमावणारीलाच परवडणारे, आणि नर्तिकेची मुलगी म्हणून लग्नाच्या बाजारात होणारी अवहेलना तशीच. परदेशी बाईला बाजूला केल्याने ती रिकामी जागा भरायला शेजारच्या गल्लीतली मुलगी येणार नव्हती.

पुढची वर्षे परवान्यांच्या कटकटीतच गेली. परदेशी नर्तिकेला ठरावीक हॉटेल किंवा नाइलवरच्या बोटीशी करार दाखवावा लागतो, पोशाखाचे नियम पाळावे लागतात, तपासनीस येतात. २०१८ मध्ये एका रशियन नर्तिकेला परवाना आणि पोशाख यांवरून अटक झाली. तिची चित्रफीत आधी समाजमाध्यमांवर पसरली होती. त्यानंतर व्यावसायिक नर्तिका कुणी चित्रीकरण करते आहे का, याकडे सावधपणे पाहू लागल्या. महोत्सवांत मात्र प्रत्येक हातात मोबाइल असतो.

अमेरिकेत वादाने वेगळे वळण घेतले. २०१४ मध्ये एका अरब-अमेरिकन लेखिकेने गोऱ्या बायकांच्या बेली डान्सवर जाहीर आक्षेप घेतला आणि विद्यार्थिनींच्या कार्यक्रमांवरही प्रश्न आले : पोशाख कुणाचा, मंचावरची खोटी अरबी नावे कशाला, कार्यक्रमपत्रिकेत गाण्याचा अर्थ का नाही? काही शिक्षिकांनी याला उर्मटपणा म्हटले. पण गाण्याचे शब्द समजून घेतल्याशिवाय त्यावर नाच बसवू नये, ही मागणी वाजवीच होती आणि बऱ्याच वर्गांनी ती मान्य केली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये सुरू झालेल्या, नर्तिकांनी नाचताना एकमेकींना द्यायच्या संकेतांवर आधारलेल्या सामूहिक शैलीने तर २०२० मध्ये आपल्या नावातला ‘ट्रायबल’ (आदिवासी) हा शब्दच काढून टाकला.

त्याच वर्षी महासाथीने सगळे महोत्सव थांबवले आणि कार्यशाळा पडद्यावर गेल्या. कैरोतली शिक्षिका आपल्या बैठकीतून शिकवू लागली. मुंबई-पुण्यातल्या विद्यार्थिनीला विमानाचे तिकीट न काढता तिच्यापुढे उभे राहता आले. सभागृहे उघडल्यावरही हे वर्ग पूर्णपणे बंद झाले नाहीत.

आणि अलीकडे कैरोतच एका इजिप्शियन नर्तिकेने स्थानिक मुलींसाठी प्रशिक्षणसंस्था सुरू केली आहे. नाचाबरोबर इतिहास आणि संगीतही शिकवायचे, आणि युनेस्कोच्या वारसा यादीत या नाचाचे नाव जावे यासाठी पाठपुरावा करायचा, असा तिचा बेत आहे. २००३ मध्ये जे सरकारने करायला हवे होते, ते काम तिने अंगावर घेतले आहे.